टॅपेटचा आवाज



वसंत ऋतूतील व्याख्याने म्हटली म्हणजे वेदान्त, अर्थकारण, नाट्यसंगीत असे विषय डोळ्यांपुढे येतात. त्या पंक्तीला मोटारीच्या टॅपेटवर बोलणारा माणूस बसवला, याबद्दल चालकांचे आभार मानतो. मी इंजिनियर नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण बिबवेवाडीतल्या एका गॅरेजात झाले आणि त्यानंतरचे युनियनच्या कचेरीत. दोन्ही ठिकाणी काम मुख्यतः ऐकण्याचेच होते.

आपल्यापैकी पुष्कळांनी फियाट पाहिली आहे, काहींच्या दारात ती अजूनही असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघे, आणि १९७० नंतरच्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. हौसेने जपलेल्या गाड्या मात्र पुण्यात आहेत, आणि त्यांच्या मालकांची तक्रार बहुधा एकच असते : “इंजिन टकटक करते, ते बंद करा.” ही टकटक म्हणजे काय, ती कोणती बंद करावी आणि कोणती करू नये, एवढेच आज सांगायचे आहे.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एकीतून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसरीतून जळका धूर बाहेर जातो. खाली कॅमशाफ्ट फिरतो. त्यावरचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट एका लांब सळईला ढकलतो, सळई रॉकर नावाच्या तरफेचे एक टोक उचलते आणि तरफेचे दुसरे टोक व्हॉल्व्ह दाबून उघडते. व्हॉल्व्ह मिटतो तो स्प्रिंगच्या जोरावर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला दीड हजार वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा मिटतो.

धातू तापला की वाढतो. म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकी फट मुद्दाम ठेवतात. फट फार झाली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो, तीच टकटक. फट अजिबात उरली नाही तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. धुराचा व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता मिटलेला असताना आपल्या बैठकीला देऊन थंड होतो. तो टेकलाच नाही तर थंड व्हायचा कसा? जळता वायू त्याच्या कडेवरून सुसाट जातो आणि कड खाऊन टाकतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या हाताने केले. १९९० च्या सुमारास, मी विशीत असताना, पतपेढीचे कर्ज काढून टूरिस्ट टॅक्सी चालवणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. उस्ताद बाहेर गेले होते. टकटक नको, असे गृहस्थ म्हणाले. मी सगळे टॅपेट आवाज जाईपर्यंत आवळले. गाडी शिवणयंत्रासारखी चालली. गृहस्थांनी पाठ थोपटली आणि चहा पाजला. महिन्याभरात ती चढाला दम टाकू लागली. हेड उतरवले तेव्हा एका व्हॉल्व्हची कड उंदराने भाकरी कुरतडावी तशी गेलेली होती. गृहस्थांचे आठवड्याचे उत्पन्न बुडाले आणि हप्ता चुकला. उस्ताद रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बोलणारा टॅपेट गाडी मारत नाही, मुका मारतो.”

तेव्हा आता पद्धत सांगतो. आपल्या गाडीच्या पुस्तकात फटीचा आकडा दिलेला असतो, आणि तो थंड इंजिनाचा की गरम इंजिनाचा हेही लिहिलेले असते. दोन्ही पाहावे. धुराच्या व्हॉल्व्हची फट पुष्कळदा थोडी अधिक असते, म्हणून कोणता व्हॉल्व्ह कोणता हे आधी ओळखावे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, स्पार्क प्लग काढावेत म्हणजे इंजिन हँडलने हलके फिरते, आणि वरचे झाकण उतरवावे.

आता चौथ्या सिलिंडरकडे पाहत इंजिन हळूहळू फिरवावे. तिथला एक व्हॉल्व्ह मिटत असताना दुसरा उघडू लागतो, अशी एक वेळ येते. त्या क्षणी पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पुरते मिटलेले असतात. तेव्हा पहिल्याची फट मोजावी. या इंजिनात स्फोटांचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. म्हणून दर अर्ध्या फेऱ्याला पुढचा सिलिंडर येतो : दुसऱ्याकडे पाहून तिसरा, पहिल्याकडे पाहून चौथा, तिसऱ्याकडे पाहून दुसरा. फीलर गेजचे योग्य पान फटीत घालावे. ते किंचित अडखळत सरकले पाहिजे. सैल किंवा घट्ट असेल तर नट ढिला करून स्क्रू फिरवावा, स्क्रू धरून ठेवून नट आवळावा आणि पुन्हा मोजावे. नट आवळताना स्क्रू हलतो, म्हणून हे दुसरे मोजणे टाळू नये.

फट बरोबर असूनही आवाज राहिला तर रॉकरचे टोक बोटाने चाचपावे. झिजून तिथे खळगा पडला असेल तर सपाट पान खळग्याच्या दोन काठांवर टेकते आणि खरी फट लपते. तिथे स्क्रू आवळून भागत नाही, रॉकर दुरुस्त करावा किंवा बदलावा लागतो.

आणखी एक गोष्ट जुन्या गाडीवाल्यांनी ध्यानात ठेवावी. २००० साली आपल्या देशात शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाले. माणसांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण ते शिसे जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरून झीज रोखत असे. आता गाडी फार दामटली तर बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होते. म्हणजे इंजिन बिघडत जाते आणि अधिकाधिक शांतही होत जाते! म्हणून आवाज नसला तरी ठरल्या वेळी फट मोजलीच पाहिजे.

काहींकडे जुन्या अमेरिकन गाड्या आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांत तेलावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक टॅपेट असतात. १९३० च्या सोळा सिलिंडरांच्या कॅडिलॅकमध्ये ही युक्ती प्रथम गाजली. टॅपेटच्या पोटात एक दट्ट्या, एक स्प्रिंग आणि एक बारीक गोळी असते. इंजिनाचे तेल दाबाने आत शिरते, गोळी त्याची परतीची वाट अडवते. तेल दाबून आक्रसत नाही, त्यामुळे फट सदैव भरलेली राहते.

असा टॅपेट गाडी सुरू करताना काही क्षण वाजला तर घाबरू नये. रात्रभरात तेल निथळलेले असते. आवाज टिकून राहिला तर आधी तेलाची पट्टी पाहावी. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर ते घुसळून फेसाळते, आणि फेस मात्र दाबला की आक्रसतो. एकच टॅपेट वाजत असेल तर दोष बहुधा त्याच्यातच असतो, सगळे वाजू लागले तर तेलाचा दाब तपासावा. तेल आणि फिल्टर बदलून गाडी चांगली तापेपर्यंत चालवावी. गोळीखाली अडकलेली घाण पुष्कळदा एवढ्यानेच सुटते. नाहीच सुटली तर टॅपेट उतरवून धुवावेत, पण एकाचा दट्ट्या दुसऱ्यात घालू नये आणि प्रत्येकाला त्याच्याच जागी परत बसवावे. ज्यांत नट असतो तिथे सळई बोटांनी फिरवत हालचाल संपेपर्यंत नट आवळावा, आणि मग पुस्तकात असेल तितकाच पुढे न्यावा. जाड तेल ओतून आवाज दाबणे हा उपाय नव्हे. त्याने आवाज झाकतो, झीज चालूच राहते.

पुढे मी कामगारांत काम करू लागलो. कारखान्यात गेलो की साहेब अभिमानाने सांगत, “आमच्याकडे कुणाची तक्रार नाही.” अशा वेळी मला ती टॅक्सी आठवे आणि मी आधी त्याच खात्यात जाऊन बसे. फट ठेवायची असते, आणि ती मोजायचीही असते. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी उद्या सकाळी ती थंड असताना झाकण उघडून पाहावे. पान लागले तर माझ्याकडे आहे.