मार्चअखेरचा आकडा एप्रिलमध्ये का बदलतो? एक्सेलमधला व्याजाचा हिशेब असा पक्का करा

नंदगड : मार्चअखेर झाली, ताळेबंद जुळला, फाइल ऑडिटरकडे गेली. दहा दिवसांनी फोन येतो, 'सहीच्या कागदावरचं व्याज वेगळं आणि फाइलमधलं वेगळं, असं कसं?' नंदगड-खानापूर असो, निपाणी असो की पलीकडचं चंदगड, एक्सेलवर हिशेब ठेवणाऱ्या कुणाही दुकानदारावर किंवा सोसायटीच्या क्लार्कवर ही वेळ येऊ शकते. आकड्याला कुणी हात लावलेला नसतो. फॉर्म्युल्यानेच तो बदललेला असतो.

समजा, 31 डिसेंबर 2024 ला 12 टक्के सरळव्याजाने 50 हजार रुपये दिले. 31 मार्च 2025 पर्यंत 90 दिवसांचे व्याज 1,479 रुपये 45 पैसे होते. पण फॉर्म्युल्यात 'टुडे' असेल, तर एक्सेल दरवेळी त्या दिवसाची तारीख धरतो. तीच फाइल 10 एप्रिलला उघडली की 100 दिवसांचे 1,643 रुपये 84 पैसे दिसतात. एका खात्यात 164 रुपयांचा फरक, तर दोनशे खात्यांत किती?

म्हणून आधी 'टुडे'च्या जागी 31 मार्च ही तारीख घालावी. नंतर फाइलची दुसरी प्रत काढून त्या प्रतीतले फॉर्म्युले आकड्यांत बदलावेत. एका रकान्यासाठी कॉपी करून 'पेस्ट स्पेशल'मधले 'व्हॅल्यूज' पुरे. दरमहा बऱ्याच शीटवर हे करायचे असेल, तर मॅक्रो बरा. त्यासाठी कोडिंग यायला पाहिजे असे नाही.

1. फिल्टर लावलेला असेल तर काढा आणि आकड्यांचा सलग भाग आधी सिलेक्ट करा.
2. 'व्ह्यू'मध्ये 'मॅक्रोज', त्यात 'रेकॉर्ड मॅक्रो' घ्या. नाव द्या आणि साठवण्यासाठी 'पर्सनल मॅक्रो वर्कबुक' निवडा.
3. कॉपी करा, त्याच जागी 'व्हॅल्यूज' पेस्ट करा आणि रेकॉर्डिंग थांबवा.
4. एक्सेल बंद करताना पर्सनल वर्कबुक सेव्ह करू का, असे विचारेल. 'हो' म्हणा.

पुढे कुठल्याही फाइलमध्ये भाग सिलेक्ट करून हा मॅक्रो चालवला की काम झाले. मॅक्रो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो, त्यामुळे पाठवायची फाइल साधीच राहते. मॅक्रो असलेली फाइल मेलने पाठवली, तर समोरच्याच्या एक्सेलमध्ये ती अडू शकते. 2022 पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपोआप रोखायला सुरुवात केली आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मॅक्रो चालवल्यावर कंट्रोल-झेड उपयोगाला येत नाही. फाइल सेव्ह झाली की फॉर्म्युले गेलेच. उद्या सभासदाने 'हे व्याज कसं काढलं?' म्हणून विचारले, तर नुसता आकडा दाखवून भागत नाही. तेव्हा पक्क्या आकड्यांची प्रत ऑडिटरला द्यावी आणि फॉर्म्युल्यांची मूळ फाइल आपल्याकडे जपून ठेवावी.