ओळख बदललेला सर्व्हर

आष्टी जिल्ह्याने बीडची, पण अंतराने अहिल्यानगरला जवळची. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू आष्टी ते नगर ही ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, तेव्हा ही जवळीक रुळांनीही बांधली गेली. अशा तालुक्याच्या गावातून आता असंही काम होऊ शकतं, ज्याला ना एसटी लागते ना रेल्वे. लॅपटॉप, मोबाइलचं हॉटस्पॉट आणि एसएसएच नावाचा प्रोग्रॅम एवढ्या भांडवलावर आष्टीत बसून मुंबईतल्या डेटा सेंटरमधला लिनक्स सर्व्हर चालवता येतो. ते यंत्र कुठल्या इमारतीत, कुठल्या रॅकवर आहे हे चालवणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ते त्याच्या नजरेलाही कधी पडत नाही. म्हणून त्याच्यासाठी एक प्रश्न सगळ्यात कळीचा ठरतो: पलीकडून जे उत्तर देतंय ते आपलंच यंत्र कशावरून? एसएसएच हा प्रश्न प्रत्येक जोडणीच्या वेळी विचारतं. एरवी ते गुपचूप विचारून मोकळं होतं. सर्व्हर नव्याने बसवल्यावर मात्र इतक्या मोठ्याने विचारतं की लोकांना तो बिघाडच वाटतो. माझं म्हणणं असं, की ही अडवणूक हा या यंत्रणेचा सगळ्यात मोलाचा गुण आहे, आणि ती न वाचता पुसून टाकण्याची आपली सवय धोक्याची आहे.

हा प्रोग्रॅम जन्मला तोच एका चोरीतून. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी कान लावून बसलं आणि पासवर्ड गोळा करत राहिलं. तोवर दूरच्या यंत्रावर जायला टेलनेट वापरत, आणि टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच तारेवरून जायचा. तातू युलोनेन या तिथल्या संशोधकाने त्याच वर्षी एसएसएच लिहिलं आणि त्यासाठी २२ नंबरचं पोर्ट मागून घेतलं. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचं २१ आणि टेलनेटचं २३ यांच्यामधली ती रिकामी जागा होती. आज जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर दिसतं ते ओपनएसएसएच, ते १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी तयार केलं. युलोनेन यांच्या ध्यानात आलेली गोष्ट अशी, की संभाषण सांकेतिक केल्याने ऐकणारा चोर अडतो, पण सर्व्हरचं सोंग घेऊन मध्येच बसलेला चोर अडत नाही. त्याच्याशी तुम्ही अगदी सुरक्षितपणे बोलता, एवढंच. म्हणून सर्व्हरला स्वतःची किल्ली असावी लागते आणि ती आपल्याकडे आहे हे त्याला दर वेळी सिद्ध करावं लागतं.

ही किल्ली लिनक्स बसवताना किंवा यंत्र पहिल्यांदा सुरू होताना आपोआप तयार होते आणि ईटीसी फोल्डरमधल्या एसएसएचच्या कप्प्यात राहते. आपण पहिल्यांदा जोडतो तेव्हा तिचा जाहीर भाग आपल्या लॅपटॉपवरच्या ‘नोन होस्ट्स’ या फाइलीत एका ओळीत लिहिला जातो. पुढे डिस्क पुसून सर्व्हर पुन्हा बसवला की पत्ता तोच, नाव तेच, पण किल्ली नवी. मग पडद्यावर ॲट चिन्हांची चौकट उमटते, आत मोठ्या अक्षरांत ‘वॉर्निंग: रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’, खाली नव्या किल्लीचा ठसा आणि जुनी नोंद कोणत्या ओळीवर आहे तो आकडा. खरेदीखत नोंदवताना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा घेतात आणि ओळख पटवणारी माणसं उभी करतात. नाव-गाव बरोबर सांगणारा माणूस पूर्वीच्या अंगठ्याशी जुळत नसेल तर दस्त पुढे सरकू नये, हीच अपेक्षा असते. एसएसएच इथे तेच करतं. यंत्र पुन्हा बसवलं की कुणी मध्ये घुसलं, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते आपल्याला कळू शकतं, म्हणून ते आपल्यालाच विचारतं.

रीबिल्डनंतर, म्हणजे सर्व्हर पुन्हा बसवल्यावर, जोडणी तुटण्याची इतर कारणंही असतात, आणि सगळ्यांना एकच औषध लावणं हीच पहिली चूक. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे हाकेला उत्तरच नाही; बहुतेकदा नव्या यंत्राची फायरवॉल २२ नंबर अडवते आहे किंवा पत्ताच बदलला आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’मध्ये बहुधा यंत्र जागं असतं, पण त्या पोर्टवर एसएसएचची सेवा सुरू नसते. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर मात्र सर्व्हर भेटला, त्याने आपल्याला ओळखलं नाही. रीबिल्डमध्ये ओळख दोन्ही बाजूंनी पुसली जाते हे लोक विसरतात: सर्व्हरची किल्ली गेली, तशी आपली जाहीर किल्ली ज्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलीत होती तीही गेली. बॅकअपमधून ती परत आणली तरी काम अडू शकतं, कारण होम फोल्डरवर इतरांना लिहिण्याची मुभा राहिली असेल तर सर्व्हर ती फाइल विश्वासार्ह मानत नाही. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर एसई-लिनक्सचं लेबल चुकलं तरी हीच गत. जुना क्लायंट असेल तर आणखी एक अडचण: ओपनएसएसएचच्या ८.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, शा-१ वर चालणारी आरएसए सही मूळ मांडणीत स्वीकारली जात नाही. यातल्या कशाचाही ‘नोन होस्ट्स’शी संबंध नाही, तरी हात आधी तिकडेच जातो.

आता आक्षेप. सगळ्यात रास्त आक्षेप असा, की सर्व्हर मीच पुसला, मीच बसवला, मग इशाऱ्यात नवं काय? नवं एवढंच, की किल्ली बदलणार हे आपल्याला ठाऊक असतं. समोर आलेली किल्ली आपल्याच सर्व्हरची आहे हे ठाऊक नसतं. ज्या दिवशी आपण इशारा हमखास दुर्लक्षिणार, तोच दिवस सोंग घेणाऱ्यासाठी सोयीचा. दुसरा आक्षेप जाणकारांचा: आम्ही पासवर्ड वापरतच नाही, किल्लीने जातो, ती चोराला मिळत नाही. हे खरं आहे. किल्लीने केलेली सही त्या एका जोडणीपुरतीच असते, ती पुढे खऱ्या सर्व्हरवर चालवता येत नाही. पण खोटा सर्व्हर कुणाचीही किल्ली मान्य करून आत घेऊ शकतो, आणि मग आपण प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या सुडोला दिलेला पासवर्ड किंवा चढवलेली डेटाबेसची फाइल त्याच्या हाती जाते. ओपनएसएसएचच्या लेखकांनी याचा विचार केलेला दिसतो. ठसा जुळत नसताना तपासणी बंद करून कुणी पुढे गेलंच, तर प्रोग्रॅम पासवर्डने शिरण्याचा मार्ग स्वतःहून बंद करतो.

मग करायचं काय? ठसा दुसऱ्या वाटेने पाहायचा. क्लाउड कंपनीच्या वेब कन्सोलवर सर्व्हर सुरू होतानाची नोंद असते, आणि क्लाउड-इनिट हा प्रोग्रॅम नव्या किल्ल्यांचे ठसे तिथे छापतो. ‘एसएसएच-कीजेन’ला मोठ्या आर अक्षराचा पर्याय आणि सर्व्हरचं नाव देऊन जुनी ओळ काढायची, आणि पुन्हा जोडताना ‘यस’ लिहिण्याऐवजी कन्सोलवरून उचललेला ठसा तिथे चिकटवायचा. शा-२५६ पद्धतीचा तो ठसा ४३ अक्षरांचा असतो. नव्या आवृत्त्या तो स्वतः ताडून पाहतात, त्यामुळे डोळ्यांवर भिस्त राहत नाही. याहून बरी वाट म्हणजे पुसण्याआधीच जुन्या किल्ल्यांची प्रत सुरक्षित ठेवायची आणि त्याच किल्ल्या नव्या यंत्रावर बसवायच्या. मग कुणाच्याच पडद्यावर इशारा येत नाही, आणि पुढे जेव्हा येईल तेव्हा त्याला अर्थ राहतो.

या वाटेला अपवाद आहे आणि तो सोडता येत नाही. सर्व्हरमध्ये कुणी घुसलं म्हणून तो पुसला असेल तर जुनी किल्लीही चोराकडे गेली असं धरूनच चालावं. मार्च २०२३ मध्ये गिटहबची खाजगी आरएसए किल्ली थोडा वेळ एका सार्वजनिक कोठारात उघडी पडली, तेव्हा त्यांनी ती बदलली आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांना एकाच दिवशी हा इशारा दिसला. नवा ठसा त्यांनी आपल्या संकेतस्थळावर जाहीर केला होता. पडताळून पाहणं कुणालाही शक्य होतं. किल्ली कशी तयार झाली यावरही सगळं अवलंबून असतं. २००८ मध्ये उघड झालं की डेबियनमधल्या एका बदलामुळे सुमारे दोन वर्षं तयार झालेल्या किल्ल्या प्रत्येक प्रकाराला जेमतेम ३२,७६७ शक्यतांतूनच निघत होत्या. तिथे किल्ली बदलण्यावाचून इलाजच नव्हता.

उरला तो मोठ्या कंपन्यांचा आक्षेप: रोज शेकडो यंत्रं जन्मतात आणि मरतात, तिथे ठसे कुणी ताडायचे? म्हणून तिथे तपासणीच बंद ठेवायची पद्धत पडली आहे, आणि तीच पद्धत एका सर्व्हरच्या धन्यानेही उचलली आहे. खरं तर ओपनएसएसएचमध्ये यासाठी सोय आहे. एका मुख्य किल्लीने प्रत्येक सर्व्हरच्या किल्लीला प्रमाणपत्र द्यायचं आणि लॅपटॉपवरच्या फाइलीत त्या मुख्य किल्लीची एकच ओळ ठेवायची. सर्व्हर कितीदाही पुन्हा बसवा, प्रमाणपत्र नवं करून दिलं की इशारा येत नाही. ही मुख्य किल्ली कुठल्याही सर्व्हरवर राहू नये, हे मात्र पाळावं लागतं. आष्टीसारख्या गावात दोघांनी चालवलेल्या छोट्या व्यवसायालाही हे जमण्यासारखं आहे: त्याला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, तोच ‘एसएसएच-कीजेन’ पुरतो, आणि मुख्य किल्ली कुलपातल्या पेन ड्राइव्हवर राहू शकते.