नंबर भाड्याचा, भानगड हक्काची!

ॲप डाउनलोड झालं, उघडलं आणि पहिल्याच स्क्रीनवर प्रश्न आला, ‘तुमचा मोबाइल नंबर?’ फोटो कोणता लावायचा, बायोमध्ये ‘ट्रेक आणि मिसळ’ लिहायचं की नको, हे सगळं नंतरचं. आधी हे दहा आकडे. आणि नेमका इथेच आपल्यापैकी अनेकांचा अंगठा अडतो.

का अडतो, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. सिम कार्ड बाबांच्या नावावर. ओटीपीच्या मेसेजमध्ये ॲपचं नाव असतं आणि तो येतो नेमका फोन आईच्या हातात असताना. मुलगी असाल, तर या यादीत आणखी दहा कारणांची भर. क्विअर असाल, तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ बाबतचा निकाल दिला, कायद्याची टांगती तलवार गेली. पण घरच्या हॉलमध्ये बसलेल्या प्रश्नांना न्यायालयाची नोटीस जात नाही ना!

मग कट्ट्यावरचा कुणीतरी जाणकार तोडगा काढतो, ‘अरे, व्हर्च्युअल नंबर घे ना. दोन मिनिटांचं काम!’ काम खरंच दोन मिनिटांचं आहे. पुढची भानगड किती दिवसांची, ते तो सांगत नाही. म्हणून आज तेच बोलूया.

हा नंबर राहतो कुठे?

आपल्या नेहमीच्या नंबरमागे एक सिम असतं, सिममागे केवायसी आणि केवायसीमागे एक खरा माणूस. व्हर्च्युअल नंबरमागे तुमच्या हातातलं सिम नसतं. तो इंटरनेटवरच्या सर्व्हरवर राहतो. त्यावर आलेला मेसेज एखाद्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये दिसतो. परदेशात छोट्या कंपन्या, कॉल सेंटर, घरून काम करणारे लोक असे नंबर सर्रास आणि उजळ माथ्याने वापरतात. तंत्रज्ञानात वाईट काही नाही.

आपल्या कामासाठी जे मिळतं, त्याचे साधारण तीन प्रकार. पहिला फुकटचा : वेबसाइट उघडा, समोर असलेला नंबर उचला, ओटीपी वाचा. दुसरा, एका ओटीपीपुरता काही मिनिटांसाठी विकत घेतलेला. तिसरा, महिन्याच्या भाड्यावरचा. यातले बरेचसे नंबर अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांचे असतात.

आणि काही ‘व्हर्च्युअल’ नंबर मुळात व्हर्च्युअल नसतातच! कुठल्यातरी खोलीत सिम बॉक्स नावाची यंत्रं रचलेली असतात, त्यात शेकड्याने खरी सिम कार्डं खोचलेली असतात आणि त्यांच्यावर येणारे ओटीपी विकले जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपोलच्या मदतीने लातव्हियात पोलिसांनी असंच एक दुकान बंद पाडलं. तिथे १,२०० सिम बॉक्स आणि ४०,००० चालू सिम कार्डं सापडली. या नंबरांवरून ४ कोटी ९० लाखांहून जास्त ऑनलाइन अकाउंट्स उघडली गेल्याचं तपास यंत्रणांनी सांगितलं. त्यातली कितीतरी अकाउंट्स फसवणुकीसाठी वापरली गेली. तुम्ही प्रायव्हसीसाठी त्या दुकानात शिरता, पण तुमच्या आजूबाजूला रांगेत कोण उभं आहे, हेही एकदा बघा.

किल्ली टपरीवर टांगलेली

समजा, जमलं. नंबर चालला, प्रोफाइल उभं राहिलं, मॅचही मिळाली. आता?

डेटिंग ॲपवर तुमचा नंबर म्हणजे नुसती नोंदणी नाही, ती अकाउंटची किल्ली आहे. फोन बदलला, ॲप उडवून पुन्हा टाकलं, चुकून लॉगआउट झालात, की ॲप पुन्हा त्याच नंबरवर ओटीपी पाठवू शकतं. आणि तो नंबर आता तुमचा नाही. एकतर तो बंद झालाय, नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला गेलाय. त्याने त्याच ॲपवर तो टाकला, तर थेट तुमच्या प्रोफाइलमध्ये! तुमचे फोटो, तुमच्या मॅचेस, रात्री दीड वाजता टाइप केलेलं सगळं त्याच्या हातात.

फुकटच्या साइटवर तर वाट बघायचीही गरज नाही. तिथला इनबॉक्स सगळ्यांना दिसतो. तुमचा ओटीपी तुमच्यासोबत आणखी कितीजण वाचतायत, याचा पत्ता नाही. हॉस्टेलच्या खोलीला कुलूप लावायचं आणि किल्ली चहाच्या टपरीवर टांगून ठेवायची, तसा हा प्रकार.

उलट बाजूही आहे. तुम्हाला स्वतःचं प्रोफाइल डिलीट करायचं असेल, तरी आधी आत जावं लागतं. आत जायला ओटीपी लागतो. म्हणजे ब्रेकअप झाला, सेमिस्टर संपलं, नोकरी लागली, तरी तुमचा फोटो तिथे हसत बसलेला!

शिवाय अनेकदा हा नंबर चालतच नाही. नंबर मोबाइलचा आहे की इंटरनेटवरचा, हे ॲपला तपासता येतं आणि इंटरनेटवरचे नंबर अनेक ॲप्स दारातूनच परत पाठवतात. कधी नंबर चालतो, पण आधीच्या कुणीतरी त्यावर काहीतरी उद्योग केलेले असतात आणि तो बॅन झालेला असतो. पाप त्याचं, शिक्षा तुम्हाला.

लपायचंय कुणापासून?

भाड्याचा नंबर घेण्याआधी हा एक प्रश्न स्वतःला विचारा. कारण उत्तरं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

घरच्यांपासून? मग लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. सेटिंग्जमधलं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दादा-काकांना प्रोफाइल दिसू नये असं वाटत असेल, तर टिंडरने २०२१ मध्ये ‘ब्लॉक कॉन्टॅक्ट्स’ची सोय आणली. ज्यांना टाळायचंय त्यांचे नंबर टाका, म्हणजे तुम्ही एकमेकांना दिसत नाही. पैसे मोजायची तयारी असेल, तर काही ॲप्समध्ये इनकॉग्निटो मोड आहे. तुम्ही ज्यांना लाइक करता, त्यांनाच तुम्ही दिसता.

ॲपपासून? इथे भाड्याचा नंबर फारसा उपयोगाचा नाही. तुमचा चेहरा, लोकेशन, वय, आवडीनिवडी, सगळं तुम्ही स्वतःच देताय. त्यात दहा आकडे तेवढे लपवून काय साधलं?

अनोळखी मॅचपासून? आता खऱ्या मुद्द्यावर आलो. टिंडर, बंबल, हिंजसारखी ॲप्स नोंदणीचा नंबर समोरच्याला दाखवत नाहीत. नंबर फुटतो तो नंतर. तीन दिवस गप्पा झाल्या, ‘इथे नको, व्हॉट्सॲपवर ये ना’ असा मेसेज आला आणि आपण लगेच नंबर दिला! ज्याने नोंदणीसाठी एवढा खटाटोप करून भाड्याचा नंबर मिळवला, तोच इथे खरा नंबर देऊन मोकळा होतो.

आपल्याकडे त्या दहा आकड्यांतून काय काय निघतं, बघा. व्हॉट्सॲपचा डीपी. ट्रूकॉलरवर नाव, कधी बाबांचंही. यूपीआय ॲपमध्ये नंबर टाकला, की बँकेत आहे तसं पूर्ण नाव. पूर्ण नाव मिळालं, की लिंक्डइन, कॉलेज फेस्टचे फोटो, कुठल्यातरी स्पर्धेच्या निकालाची यादी. तिथून कॉलेज आणि कॉलेजवरून तुमची रोजची वेळ. हे काढायला हॅकर लागत नाही, एक रिकामी दुपार पुरते.

म्हणून कुलूप इथे लावा. पहिली भेट होईपर्यंत गप्पा ॲपमध्येच ठेवा. ॲपमध्ये व्हिडिओ कॉलची सोय असेल तर तीच वापरा. बाहेर जायचंच असेल, तर सिग्नलवर २०२४ पासून यूजरनेम देता येतं, नंबर दिसत नाही. व्हॉट्सॲपचा डीपी फक्त कॉन्टॅक्ट्सपुरता ठेवा.

समोरचाही भाडेकरू असू शकतो

एवढं सगळं स्वतःचा विचार करून झालं. आता दुसऱ्या बाजूने बघा.

तुम्ही ज्याला ब्लॉक केलंत, त्या एक्सने नवा नंबर भाड्याने घेतला तर? ब्लॉक कॉन्टॅक्ट्सच्या यादीत त्याचा जुना नंबर आहे. नव्या नंबरवरचा तो ॲपसाठी नवा माणूस. ज्याचं अकाउंट तक्रारींमुळे बॅन झालं, तोही याच दरवाजाने परत येऊ पाहतो. ठरावीक कॅफेत बोलावून भलंमोठं बिल गळ्यात मारणारे, व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून पैसे मागणारे, समलिंगी मुलांना भेटायला बोलावून लुटणारे, अशा प्रकरणांच्या बातम्या आपण वाचतोच. त्यांनाही आपला नंबर द्यायचा नसतोच.

म्हणजे नंबर व्हेरिफाय झाला, याचा अर्थ एवढाच, की त्या क्षणी कुणाकडे तरी एक ओटीपी पोहोचला. फोटो व्हेरिफिकेशनची टिक जास्त कामाची, पण तीही चेहरा आणि फोटो जुळतात एवढंच सांगते. नाव खरं आहे का, हेतू बरा आहे का, हे ती सांगत नाही. ते भेटून, गर्दीच्या जागी आणि मैत्रिणीला लोकेशन पाठवूनच कळतं.

मग दुसरा नंबर घ्यायचाच नाही?

घ्या की! पण स्वतःच्या नावावरचा. महाराष्ट्रात एका व्यक्तीला ९ सिम घेता येतात. स्वतःचं केवायसी करा, फोन चालवत असेल तर ई-सिम टाका, काम झालं. रिचार्ज मात्र चालू ठेवा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो आणि मग पुन्हा तीच किल्लीची गोष्ट.

कुणी ‘ॲक्टिव्हेट केलेलं सिम देतो, कागद लागत नाहीत’ म्हणालं, तर तिथून निघा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार फसवून किंवा दुसऱ्याचं सोंग घेऊन सिम मिळवणं हा गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या नावावर कुणी भलतंच सिम घेतलंय का, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फुकट तपासता येतं. आज रात्री मेसच्या रांगेत उभे असाल, तेव्हा बघून टाका.

आणि नंबर लपवणं वेगळं, माणूस बदलणं वेगळं. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचे फोटो लावून कुणाला फसवलंत, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड लागू शकतं. त्यातही ३ वर्षांपर्यंत कैद आहे. भाड्याच्या नंबरमुळे आपण अदृश्य झालो, या भ्रमात राहू नका. आयपी ॲड्रेस, फोन, पेमेंट, सगळ्यांचा माग राहतो.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. कुणी धमकावलं, पैसे मागितले, तर प्रोफाइल घाईने उडवू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या. पैसे गेले असतील, तर १९३० वर लगेच फोन करा. नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार करता येते. महिला आणि मुलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न सांगताही करता येते. पोलीस तुम्हाला चॅट दाखवायला सांगतील. त्या वेळी तुम्हाला स्वतःच्याच अकाउंटमध्ये शिरता आलं पाहिजे.

घरच्यांना न सांगता कुणाला भेटावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. फक्त आपल्या दाराची किल्ली आपल्याच खिशात असू द्या.