अमेरिकन बागेतील स्कलकॅप

तुळस आणि पुदिना यांच्याच कुलातील स्क्युटेलारिया या प्रजातीच्या वनस्पतींना इंग्रजीत ‘स्कलकॅप’ म्हणतात, आणि त्यांपैकी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मूळच्या असलेल्या काही जाती तेथील घरगुती बागांतही लावल्या जातात. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने आणि दोन ओठांत विभागलेली निळी-जांभळी फुले ही कुलाची लक्षणे त्यांच्यात स्पष्ट दिसतात. सुगंध मात्र सहसा नसतो.

देशज वनस्पती कोठेही आपोआप वाढते, हा समज या झाडांच्या बाबतीत फसवा ठरतो, कारण एकाच देशातील या जातींची मूळ ठिकाणे परस्परांहून फार भिन्न आहेत. पूर्वेकडील विरळ वनांतील स्क्यु. इन्काना ही साधारण ६० ते ९० सेंमी. उंचीची जाती अर्धवट सावलीत आणि निचऱ्याच्या जमिनीत चांगली फुलते. ओढ्याकाठच्या ओल्या कुरणांतील स्क्यु. लॅटेरिफ्लोराला सतत ओलावा लागतो. तर टेक्सस-कॅन्ससच्या कोरड्या गवताळ प्रदेशातील ठेंगणी स्क्यु. रेझिनोसा भरपूर पाणी मिळाले की कुजते.

रोपे रानातून उपटून आणणे सर्वथा गैर आहे. जॉर्जिया व टेनेसी या राज्यांत आढळणाऱ्या स्क्यु. माँटाना या जातीला १९८६ मध्ये संघराज्याच्या कायद्याखाली संरक्षण द्यावे लागले होते. रोपवाटिकेत वाढवलेली रोपे घेणे किंवा बी पेरणे, हेच मार्ग योग्य होत. थंड प्रदेशातील जातींच्या बियांना रुजण्यापूर्वी काही आठवडे गारवा व ओल मिळावी लागते, म्हणून त्या शरद ऋतूच्या अखेरीस उघड्यावर पेरून वर मातीचा नाममात्र थर दिला जातो.

पहिला बहर ओसरताच शेंडे छाटले, तर इन्कानाला पुन्हा थोडी फुले येतात. परंतु झाडाने स्वतः बी पसरवावे अशी इच्छा असेल, तर छाटणी टाळलेलीच बरी. फूल गळल्यावर संवर्त, म्हणजे फुलाच्या तळाचे हिरवे वेष्टन, मिटते आणि त्याच्या आत चार कपालिका, म्हणजे एकेक बी असलेली कठीण फळे, पक्व होतात. वाळलेल्या संवर्तावर पावसाचा थेंब आदळला की त्याचा देठ स्प्रिंगसारखा दबून उसळतो आणि कपालिका बाहेर फेकल्या जातात. त्या फार दूर जात नाहीत, त्यामुळे जुन्या झाडाभोवतीची जमीन पालापाचोळ्याच्या जाड थराने झाकली, तर नवी रोपे उगवण्याची शक्यताच मावळते.