कच्चा लिंबू नव्हे, गडी!

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या एका गावी महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन होतं आणि त्यात कविसंमेलन. निमंत्रितांत मीही होतो. दुष्काळावरची माझी एक कविता तेव्हा बरी चालायची. टँकरची वाट पाहणाऱ्या बायका आणि अर्जावर अर्ज मागणारी कचेरी, असं तिचं चित्र. त्या कचेरीला मी कवितेत 'मतिमंद' म्हटलं होतं आणि नेमकी त्याच शब्दावर टाळी पडायची. त्या दिवशीही पडली.

कार्यक्रम संपला, चहा झाला, आणि एक मुलगी माझ्यापाशी आली. बी.ए.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असावी. म्हणाली, "सर, कविता आवडली. पण माझा धाकटा भाऊ मतिमंद आहे. त्यानं आजवर कुणाचं पाणी अडवलं नाही. उलट दारात कुणी आलं, की सगळ्यांत आधी तोच तांब्या घेऊन येतो. मग त्या कचेरीला तुम्ही त्याचं नाव का दिलंत?"

मी काहीतरी पुटपुटलो. "तसा अर्थ नव्हता," असं म्हणालो असेन. आपण सगळेच असं म्हणतो. पण घरी येताना एस.टी.त मला चैन पडेना. शब्दांवर पोट नसलं तरी नाव शब्दांवर चालणारा मी माणूस, आणि एका विशीच्या मुलीनं मला माझाच शब्द उलटा करून दाखवला होता. पुढं त्या जागी दुसरा शब्द शोधायला बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ती कचेरी मंदबुद्धीची नव्हतीच. तिला सगळं नीट कळत होतं. ती कोडगी होती. म्हणजे माझा शब्द त्या मुलाचा अपमान करणारा तर होताच, शिवाय तो चुकीचाही होता. कुणाच्या तरी दुबळेपणाची शिवी करून दुसऱ्याला मारली, की नेमकं काय म्हणायचं आहे ते शोधण्याचे कष्ट वाचतात. मी ते वाचवले होते.

आता हा 'मंद' शब्द पाहा. मूळचा किती चांगला शब्द! मंद झुळूक, मंद प्रकाश, मंद सुवास. त्याचा अर्थ नुसता 'हळू'. आणि माझ्या घरात ज्या उर्दूचा वावर होता, त्या उर्दूत फारसीतून आलेला एक वेगळाच 'मंद' आहे. तिथं त्याचा अर्थ 'असलेला', 'बाळगणारा'. अक्कलमंद म्हणजे अक्कल असलेला, हुनरमंद म्हणजे कसब असलेला, दर्दमंद म्हणजे ज्याला दुसऱ्याचं दुःख कळतं तो. दोन शब्दांचं कूळ वेगळं, उच्चार तेवढा सारखा. तेव्हा दोष अक्षरांचा नसतो. आपण तो शब्द कुणाकडं बघून, कोणत्या तोंडानं उच्चारतो, त्यावर त्याचं विष ठरतं.

इंग्रजीत हेच घडलं. अमेरिकेत या क्षेत्रातल्या तज्ज्ञांची एक जुनी संघटना आहे. १८७६ साली ती स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावातच 'इडियॉटिक' आणि 'फीबल माइंडेड' हे शब्द होते. त्या काळी ते वैद्यकीय शब्द होते. 'मोरॉन' हा शब्दही १९१० साली एका मानसशास्त्रज्ञानंच घडवला. हळूहळू हे सगळे शब्द शिव्या झाले. म्हणून 'मेंटली रिटार्डेड' हा सौम्य शब्द आला. लॅटिनमधल्या 'हळू करणे' या धातूपासूनचा, म्हणजे आपल्या 'मतिमंद'चा सख्खा भाऊच. काही दशकांत शाळेच्या मैदानावर 'रिटार्ड' ही शिवी झाली. अखेर २००७ च्या १ जानेवारीपासून त्या संघटनेनं आपल्या नावातून हा शब्द काढून 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' म्हणजे बौद्धिक अक्षमता हा शब्द घेतला.

बौद्धिक अक्षमता म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगायला हवं, कारण आपल्याकडं तिची वेडाशी गल्लत होते. मानसिक आजार कोणत्याही वयात होऊ शकतो आणि उपचारांनी आटोक्यात येऊ शकतो. बौद्धिक अक्षमता हा आजार नव्हे. वाढीच्या वयातच ती दिसू लागते. शिकणं, तर्क करणं, अडचणीतून वाट काढणं या गोष्टी अवघड जातात आणि त्याबरोबर पैसे मोजणं, प्रवास करणं, चारचौघांत वागणं अशा रोजच्या व्यवहारातही मदत लागते. कुणाला थोडी, कुणाला पुष्कळ. डाउन सिंड्रोमसारखी जन्मजात कारणं असतात, प्रसूतीच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणं हेही एक कारण असतं, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. शिकवलं तर ही मुलं शिकतात. वेळ जास्त लागतो, एवढंच.

मला भेटलेल्या त्या मुलीसारखाच एक भाऊ अमेरिकेत होता. सोरेन पालुम्बो त्याचं नाव. इलिनॉय राज्यातल्या एका हायस्कूलमध्ये तो शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या धाकट्या बहिणीला, ऑलिव्हियाला, बौद्धिक अक्षमता. २००७ साली त्यानं शाळेच्या सभागृहात सगळ्या मुलांसमोर भाषण केलं आणि वर्गात, व्हरांड्यात सहज कानावर पडणारा तो शब्द आपल्या घरात कसा ऐकू येतो, ते सांगितलं. पुढं तो कॉलेजात गेला. टिम श्रायव्हर हा दुसरा एक विद्यार्थी त्याला भेटला. २००९ च्या फेब्रुवारीत आयडाहो राज्यातल्या बॉइझी इथं स्पेशल ऑलिम्पिकच्या जागतिक हिवाळी स्पर्धा भरल्या. त्या वेळच्या युवक परिषदेत बौद्धिक अक्षमता असलेली आणि नसलेली मुलं एकत्र बसली आणि त्यांनी मोहीम ठरवली. तो शब्द वापरणार नाही, अशी प्रतिज्ञा शाळाशाळांतून घ्यायची. पहिला दिवस होता ३१ मार्च २००९.

त्याच सुमारास मेरीलँड राज्यात रोझा मार्सेलिनो या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या शाळेच्या कागदांवर 'मेंटली रिटार्डेड' असा शिक्का आला. आईवडील लढायला उभे राहिले. पण राज्याच्या विधिमंडळापुढं साक्ष देताना लोकांच्या लक्षात राहिला तो रोझाचा भाऊ, निक. शाळकरी पोरगा. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की तुम्ही माणसाला ज्या नावानं हाक मारता तसंच त्याच्याशी वागता. पुढं ५ ऑक्टोबर २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी 'रोझाज लॉ' या कायद्यावर सही केली आणि अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण व कामगारविषयक केंद्रीय कायद्यांतून तो जुना शब्द गेला.

आपल्याकडं १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यात 'मेंटल रिटार्डेशन' हाच शब्द होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो जाऊन बौद्धिक अक्षमता आली. याच कायद्याच्या ९२व्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी नभोवाणीवरूनच 'दिव्यांग' हा शब्द सुचवला होता. तो सरकारदरबारी रुळला, पण अपंगांच्या काही संघटनांनीच त्याला हरकत घेतली. आम्हांला दिव्यत्व नको, बरोबरीचा हक्क द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

या हरकतीत तथ्य आहे. शब्द बदलला की मन बदलतं, असं गणित असतं तर १८७६ पासून एवढे शब्द खर्ची पडलेच नसते. शाळेतल्या मुलांच्या बोलण्याकडं कान द्या. "स्पेशल आहेस का रे?" असं एकजण दुसऱ्याला हिणवताना तुम्हांला ऐकू येईल. म्हणजे 'स्पेशल' हा चांगला शब्दही कुजायला लागला. अमेरिकेतही ज्या शब्दाविरुद्ध लाखोंनी प्रतिज्ञा घेतल्या, तो गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर पुन्हा बिनदिक्कत वापरला जातो आहे. कायदा कागदावरचा शब्द पुसतो, जिभेवरचा नाही.

या तरुणांचं मला विशेष वाटतं ते इथं. ही गोष्ट त्यांनी स्वतःच ओळखली. दहा वर्षं एक शब्द बंद करण्याची मोहीम चालवल्यावर २०१९ साली त्यांनी तिचा रोखच बदलला. काय म्हणायचं नाही यापेक्षा काय करायचं, याला महत्त्व दिलं. एकटा डबा खाणाऱ्या मुलाला आपल्या घोळक्यात घ्यायचं, खेळात घ्यायचं, मैत्री करायची.

खेळावरून मला आमची गल्ली आठवते. आमच्या मोहल्ल्यात असाच एक मुलगा होता. त्याच्या आईला आम्ही सगळे खाला म्हणायचो. त्याला मात्र सगळी गल्ली 'खुळ्या' म्हणायची. आम्ही काही दुष्ट पोरं नव्हतो. त्याला क्रिकेटमध्ये घ्यायचो. पण कसं? कच्चा लिंबू म्हणून. आपल्याकडं लहान पोरांना असं घेतात ना! त्याला बॅट मिळते, पण तो बाद झाला तरी बाद नाही आणि त्याच्या धावाही धावा नाहीत. दोन्ही बाजूंनी तो कुणाचाच नाही. इतर पोरं मोठी होऊन कच्च्या लिंबाची पक्की होतात. हा मिसरूड फुटली तरी कच्चा लिंबूच राहिला. बहुतेक वेळ तो गटारात गेलेला चेंडू काढायचा आणि आम्ही त्याला शाबासकी द्यायचो. ती आमची दया होती. २०१७ साली प्रसाद ओक यांचा 'कच्चा लिंबू' नावाचा मराठी चित्रपट आला. अशाच एका मुलाच्या आईबापांची ती कथा. ते नाव ऐकलं आणि मला आमची गल्ली दिसली.

कच्च्या लिंबाला उत्तर आहे. स्पेशल ऑलिम्पिकमध्ये 'युनिफाइड स्पोर्ट्स' नावाचा प्रकार खेळतात. एकाच संघात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू. बास्केटबॉलच्या पाच जणांत तीन असे, दोन तसे. वय आणि कसब शक्यतो जुळतं घेतात, आणि एखाद्यानं चेंडू आपल्याकडंच ठेवून बाकीच्यांना बघे करायचं नाही, असा दंडक असतो. इथं गोल लागला तर तो गोल आणि चूक झाली तर ती चूक. हरल्यावर सगळे मिळून हरतात. एकत्र हरलेल्या माणसाला 'बिचारा' म्हणता येत नाही.

या चळवळीचं बीजही तरुणांच्या हातूनच पेरलं गेलं. युनिस केनेडी श्रायव्हर या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या भगिनी. त्यांच्या थोरल्या बहिणीला, रोझमेरीला, बौद्धिक अक्षमता होती. १९४१ साली तिच्या मेंदूवर केलेल्या शस्त्रक्रियेनं ती कायमची परावलंबी झाली आणि घराण्यानं तिला बरीच वर्षं लोकांच्या नजरेआड ठेवलं. युनिसबाईंनी १९६२ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी शिबिर भरवलं. त्यांच्याबरोबर पोहायला आणि खेळायला जवळच्या शाळा-कॉलेजांतली मुलंमुली बोलावली. ती मुलं आधी भ्यायली होती, कारण असं माणूस त्यांनी जवळून पाहिलंच नव्हतं. त्यातूनच २० जुलै १९६८ रोजी शिकागोत पहिल्या स्पेशल ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या. सुमारे हजार खेळाडू उतरले होते.

यासाठी परदेशी जायची गरज नाही. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून अशा मुलांसाठी काम करते आहे. पुण्याची कामायनी १९६४ पासून. तुमच्या जिल्ह्यातही एखादी शाळा असेल. पण त्या शाळेच्या भिंतीबाहेर तो मुलगा कुणाबरोबर खेळतो, हा प्रश्न शाळा सोडवू शकत नाही. तो गल्लीतल्या पोरांनी सोडवायचा आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. त्याला त्याच्या नावानं हाक मारा. "याला काय आवडतं हो?" असं त्याच्या आईला न विचारता त्यालाच विचारा. छोट्या वाक्यांत बोला आणि उत्तराला वेळ लागला तर थांबा, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. वीस वर्षांचा असेल तर वीस वर्षांच्या माणसाशी बोलावं तसं बोला, त्याचे गाल ओढू नका. गणपतीच्या मंडळात, ईदच्या शीरखुर्म्याला, सहलीला, लग्नाच्या पंगतीत वाढायला त्याला बोलवा. आणि काम द्यायचं तर खरं काम द्या. चुकलं तर चुकलं म्हणा.

माझ्या कवितेत आता 'कोडगी' हा शब्द आहे. टाळी पूर्वीसारखी पडत नाही. क्षणभर सभा गप्प होते आणि मला ते जास्त बरं वाटतं.

मागच्या वर्षी जुन्या गल्लीत गेलो होतो. खाला आता नाहीत. त्यांच्या मुलीनं चहा दिला. बोलता बोलता मी तिच्या त्या भावाची आठवण काढली आणि अडखळलो. त्याला गटारात हात घालायला लावून मी कितीतरी सामने खेळलो होतो, पण मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. ती समजली. तिनं नाव सांगितलं. चांगलं भारदस्त नाव होतं, आजोबांचं ठेवलेलं. गेला तेव्हा तो चाळिशीचा होता, म्हणाली. मी ते नाव मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. त्या नावानं त्याला मी एकदाही हाक मारली नव्हती.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)