आधी कान, मग पाय

खो-खोमध्ये 'खो' असं ओरडायची गरजच काय? बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारली की त्याने उठायचं, झालं! पण पंच तसं चालवून घेत नाहीत. थाप हवी आणि आवाजही हवा, दोन्ही एकदम. नुसती थाप दिलीत की वाजली शिट्टी, फाऊल!

या नियमात एक भारी विज्ञान दडलंय. ते पकडायला आपण आधी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरला जाऊ आणि तिथून थेट अमेरिकेला.

वेळापूर माळशिरस तालुक्यात आहे. आषाढी वारीत माउलींची पालखी इथे मुक्कामाला असते. याच वेळापूरचा रामजी कश्यप खो-खो खेळतो, आणि तोही व्यावसायिक खेळाडू म्हणून. पूर्वी खो-खोतल्या चांगल्या गड्याला ढाल मिळायची, प्रशस्तिपत्रक मिळायचं, नशीब असेल तर रेल्वेत नोकरी. २०२२ साली 'अल्टिमेट खो-खो' ही लीग सुरू झाली. पहिला हंगाम रंगला पुण्यात बालेवाडीला, आणि रामजी उतरला चेन्नई क्विक गन्स संघाकडून. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक झाला. भारताच्या संघात रामजी होता. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ५४–३६ असं हरवलं आणि विश्वचषक आपल्याकडे आला!

रामजीसारखे गडी पाळतात तो खो द्यायचा नियम नीट बघायला आता शाळेच्या मैदानावर या. मधल्या पाटीवर आठ गडी बसलेत, नववा पाठलागावर आहे. बसलेल्या एकाकडे जरा नीट बघा. उकिडवा बसलाय. टाचा उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर, बोटांची टोकं मातीला टेकलेली. नजर समोर पळणाऱ्यावर. आणि खो देणारा कुठून येणार? पाठीमागून! मागे वळून बघत बसलं तर समोरचा पळणारा निसटलाच. म्हणजे खो कधी मिळतोय हे डोळ्यांना कळायची सोयच नाही. ते काम कानाचं आणि पाठीचं.

आणि गंमत अशी, की या कामात कान डोळ्यापेक्षा चपळ आहे.

"कसं शक्य आहे?" तुम्ही म्हणाल. "वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो!" अगदी बरोबर. प्रकाश सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर जातो आणि आवाज जेमतेम ३४० मीटर. पण वीज असते कुठे? कित्येक किलोमीटर लांब. खो देणारा असतो हातभर अंतरावर. तेवढं अंतर आवाज सेकंदाच्या दोन-तीन हजारांश भागात तोडतो. खरी शर्यत लागते त्यानंतर, आपल्या डोक्यात.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश पडला की तिथल्या पेशींमध्ये आधी रासायनिक क्रियांची एक मालिका चालते आणि मगच मेंदूकडे विजेचा संदेश निघतो. कानाचा कारभार सरळ आहे. आतल्या पेशींवर अगदी सूक्ष्म तंतू असतात. आवाजाने ते हलले की पेशीची दारं तिथल्या तिथे उघडतात आणि संदेश सुटतो. सेकंदाचे हजार तुकडे करा. कानाचा निरोप मेंदूत पोचायला आठ-दहा तुकडे पुरतात. डोळ्याच्या निरोपाला वीस ते चाळीस लागतात.

म्हणून काहीतरी बघून हालचाल करायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, तर ऐकून हालचाल करायला साधारण ०.१५ सेकंद. फरक किती? ०.०५ सेकंद. "एवढंसंच?" अहो, सेकंदाला सहा मीटर पळणारा गडी तेवढ्या वेळात ३० सेंटिमीटर पुढे जातो. तुमच्या कंपासपेटीशेजारच्या फूटपट्टीएवढा! खो-खोत गडी बाद होतो की निसटतो, हे याहूनही कमी अंतरावर ठरतं.

आणि थाप? स्पर्शसुद्धा चटकन पोचतो. शिवाय दोन वेगवेगळ्या इंद्रियांकडून एकाच वेळी इशारा आला की मेंदू एकट्या इशाऱ्यापेक्षा लवकर हलतो, हे प्रयोगांतून दिसलंय. मग थाप आणि 'खो' एकदम द्यायचा नियम कसा वाटतो आता?

चला, आता अमेरिकेला.

तिथल्या फुटबॉलमध्ये पायाचं काम अगदी थोडं. लांबट, दोन्हीकडून निमुळता बॉल हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायचं. नाही जमलं तर बॉल दुसऱ्या संघाकडे. हा खेळ आपल्याकडेही येऊन गेलाय बरं का. २०१२ साली झालेल्या एका लीगमध्ये पुणे मराठाज नावाचा संघ होता!

या खेळात पुढच्या रांगेतले गडी असतात १४० किलोचे. दोन रांगा नाकाला नाक लावून वाकलेल्या. मागे उभा असतो क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा म्होरक्या. तो ओरडतो, "हट! हट!" ठरलेल्या 'हट'ला बॉल मागे येतो आणि सगळा डोंगर एकदम हलतो. कितव्या 'हट'ला उठायचं हे फक्त त्याच्याच गड्यांना माहीत. ते कानावर निघतात. समोरच्यांना बॉल हललेला बघून निघावं लागतं. म्हणजे ते डोळ्यावर! कोण आधी उठणार, ते तुम्हीच सांगा. आणि चढाईतला एखादा उतावळा 'हट'च्या आधीच हलला तर पाच यार्ड दंड. खो मिळायच्या आधी उठणाऱ्यासारखाच फाऊल.

हा म्होरक्या फार जोरात पळणारा असावा लागतो का? टॉम ब्रेडीचं ऐका. त्याचा जन्म १९७७ चा, कॅलिफोर्नियातला. मिशिगन विद्यापीठाकडून तो खेळला. अमेरिकेत व्यावसायिक संघ दर वर्षी कॉलेजची पोरं पाळीपाळीने निवडतात. २००० साली या निवडीआधी त्याला ४० यार्ड पळवून बघितलं. त्याला लागले ५.२८ सेकंद. या खेळात ही गती अगदी रडतखडत समजतात. ब्रेडीच्या आधी १९८ जणांची नावं पुकारली गेली, तेव्हा कुठे त्याचा नंबर लागला. तिथल्या व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द सरासरी तीन-साडेतीन वर्षांतच आटोपते. दुखापती होतात आणि दर वर्षी नवी पोरं रांगेत उभी असतात. हेल्मेटने कवटी वाचते, पण धडक बसल्यावर आत मेंदू हिंदकळतोच. अशा खेळात ब्रेडी २३ हंगाम टिकला, सुपर बोल, म्हणजे तिथला विजेतेपदाचा सामना, सात वेळा जिंकला आणि २०२३ मध्ये, ४५ व्या वर्षी निवृत्त झाला. समोरची मांडणी क्षणात ओळखायची, आवाज द्यायचा आणि बॉल नेमका फेकायचा. त्याचं काम पायांपेक्षा डोक्याचं होतं.

पण तो आवाज कुणाला ऐकूच आला नाही तर?

घरच्या मैदानावरचे प्रेक्षक नेमकी हीच खोडी काढतात. पाहुण्यांची चढाई आली की बेंबीच्या देठापासून ओरडायचं, म्हणजे त्यांना 'हट' ऐकू जाणार नाही. २९ सप्टेंबर २०१४ ला कॅन्सस सिटीच्या मैदानावर हा आरडाओरडा १४२.२ डेसिबल भरला. आपलं साधं बोलणं असतं ६० डेसिबलच्या आसपास! अशा वेळी पाहुण्यांना खुणा करून बॉल सोडावा लागतो. कानाचं काम डोळ्याकडे गेलं, की हातातले ते ०.०५ सेकंद गेले. शिवाय कडेला वीस मीटरवर उभ्या असलेल्या गड्यापर्यंत 'हट' पोचायलाच जवळजवळ ०.०६ सेकंद लागतात. म्हणून तो शांत मैदानावरही बॉलवर नजर ठेवून असतो. लांबच्याला डोळा बरा, जवळच्याला कान!

आणि ज्यांना ऐकूच येत नाही, ते? वॉशिंग्टनमध्ये गॅलोडेट हे कर्णबधिर विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे. १८९० च्या दशकात तिथला क्वार्टरबॅक होता पॉल हबर्ड. हा संघ खाणाखुणांनी बेत ठरवायचा, पण समोरचा संघही कर्णबधिर असला की तो त्या खुणा चोरून वाचायचा. हबर्डने आपल्या गड्यांना गोल उभं केलं, डोकी आत आणि पाठी बाहेर. झाली खुणांची लपवाछपवी! आज जगभरात खेळाडू असा घोळका करतात, त्याची सुरुवात इथून झाली असं सांगतात. पुढे या संघाने मैदानाच्या कडेला भलामोठा ढोल ठेवला. कितव्या ठोक्याला निघायचं ते ठरलेलं. ठोका कानाने ऐकायचा नाही, अंगात जाणवून घ्यायचा. आपल्या खो-खोतली थापच की ही!

आता तुमची पाळी. ३० सेंटिमीटरची फूटपट्टी आणि एक मित्र किंवा मैत्रीण घ्या.

एक: हात टेबलावर टेकवा, मनगट बाहेर. मित्राने पट्टी उभी धरायची, शून्याचं टोक तुमच्या अंगठा आणि बोटाच्या मध्ये. न सांगता तो पट्टी सोडेल. दिसताक्षणी पकडा. बोटं कुठे आली तो आकडा लिहा.

दोन: आता डोळे मिटा. पट्टी सोडताना त्याच क्षणी मित्राने "खो!" म्हणायचं. पकडा आणि लिहा.

दोन्ही प्रकार पाच-पाच वेळा करा आणि मधला आकडा धरा. १० सेंटिमीटरला पकडलीत तर वेळ लागला ०.१४ सेकंद, १५ ला ०.१७, २० ला ०.२०, २५ ला ०.२३ आणि ३० ला ०.२५.

बघा बरं, 'खो'वाला आकडा लहान आला का? आणि डोळेच जिंकले, तर विज्ञानाला नावं ठेवू नका. मित्र पट्टी आधी सोडतोय आणि 'खो' मागून म्हणतोय. अशा गड्याला रामजीच्या संघात कुणी घेणार नाही, त्याला आधी सराव करायला लावा!