बी नसलेले कलिंगड मुलांना द्यावे का?

उन्हाळ्यात कलिंगडाची फोड हाती आली की मुलांचा पहिला उद्योग म्हणजे बिया उडवणे आणि आईचा उद्योग म्हणजे त्या वेचणे. त्यामुळे दुकानात बिनबियांचे कलिंगड दिसले की ते घ्यावेसे वाटते. पण लगेच मनात शंका येते. यात बी नाही म्हणजे काय केले असेल? इंजेक्शन दिले असेल? एखादे औषध फवारले असेल?

शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र फळात नाही, वनस्पतीच्या पेशीत आहे.

बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आहे. 1967 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या वाणांची नावे ‘अर्का’ने सुरू होतात. तिचे ‘अर्का माणिक’ हे बिया असलेले कलिंगड शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. याच ‘अर्का माणिक’चा एका खास वाणाशी संकर करून संस्थेने ‘अर्का मधुरा’ हे बिनबियांचे कलिंगड तयार केले. तो वाण खास का होता, हे कळण्यासाठी पेशी कशी वाढते ते पाहू.

पेशीतली परांची

वनस्पतीची पेशी पाणी शोषून फुगते. नुसतीच फुगली असती, तर ती फुग्यासारखी गोल झाली असती. मग वेल लांब कसा वाढतो? पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात. लाकडी पिंपाला लोखंडी कडी घालावीत, तसे ते पेशीला आडवे वेढतात. त्यामुळे पेशीला रुंदीकडे वाव मिळत नाही आणि ती लांबीकडे वाढते.

हे धागे कोणत्या दिशेने घालायचे, हे पेशीतल्या अतिसूक्ष्म नळ्या ठरवतात. मिलिमीटरचे 40 हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी या नळीची जाडी भरेल. अशा नळ्यांच्या आणि तंतूंच्या जाळ्याला शास्त्रज्ञ पेशीचा सांगाडा म्हणतात. पण तो हाडांसारखा कायमचा नसतो. इमारतीभोवती बांधलेल्या परांचीसारखा तो गरजेप्रमाणे उभारला जातो आणि सोडवला जातो. सेल्युलोज विणणारी यंत्रणा या नळ्यांच्या मार्गाने सरकते, हे 2006 मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी जिवंत पेशीत प्रत्यक्ष पाहिले.

कळलावीचे विष

पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी, ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी आपण पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन हे विष असते. हे विष पेशीतल्या नळ्या उभ्याच राहू देत नाही. पॉल ग्रीन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1962 मध्ये दाखवून दिले, की कोल्चिसीन दिल्यावर एका पाणवनस्पतीच्या लांबट वाढणाऱ्या पेशी सगळीकडे सारख्या फुगू लागतात.

नळ्यांचे दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे. पेशीचे विभाजन होताना त्या सूतकताईच्या चातीच्या आकारात मांडल्या जातात आणि दुप्पट झालेली गुणसूत्रे ओढून दोन बाजूंना नेतात. नळ्याच नसल्या तर गुणसूत्रे दुप्पट होतात, पण वेगळी होत नाहीत. सगळी एकाच पेशीत राहतात. कोल्चिसीनचा हा उपयोग 1937 पासून वनस्पतींसाठी होऊ लागला.

22, 44 आणि 33

साध्या कलिंगडाच्या पेशीत 22 गुणसूत्रे असतात. कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर कोल्चिसीनचा थेंब टाकून 44 गुणसूत्रांचे झाड मिळवता येते. ‘अर्का मधुरा’साठी वापरलेला खास वाण असाच 44 गुणसूत्रांचा. त्याचा साध्या कलिंगडाशी संकर केला, की 33 गुणसूत्रांचे बी मिळते. हे बी पेरून आलेल्या वेलाला फळ धरते. पण 33 ची सम विभागणी होत नाही, म्हणून त्या फळात बी तयार होत नाही. पांढऱ्या, मऊ साली तेवढ्या राहतात. जपानचे हितोशी किहारा यांनी ही युक्ती यशस्वी करून 1951 मध्ये जगापुढे मांडली.

शेतकऱ्याला मात्र ही शेती सोपी नाही. बी दरवेळी नव्याने विकत घ्यावे लागते, ते कमी उगवते आणि फळ धरण्यासाठी शेजारी साध्या कलिंगडाचे वेल व मधमाश्या लागतात. फळ महाग असते ते यामुळे.

मग खावे का?

अवश्य खावे. कोल्चिसीनचा स्पर्श झाला तो कित्येक पिढ्यांपूर्वीच्या रोपाला. आपल्या ताटातल्या फळात ते नसते. या पद्धतीत परका जनुकही घातला जात नाही. आणि 33 गुणसूत्रांचे नवल वाटत असेल, तर जळगावची केळी आठवा. त्यांच्या पेशीतही 33 गुणसूत्रे असतात, म्हणून तर त्यांत बी नसते. ती किमया निसर्गानेच केलेली आहे.

जपायचे आहे ते कळलावीला. तिचा कंद पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. बागेत ती असेल तर मुलांना तिच्यापासून दूर ठेवा आणि घरगुती औषध म्हणून तिचा कोणताही भाग वापरू नका. जे विष रोपाच्या पेशीतल्या नळ्या मोडते, ते माणसाच्या पेशीतल्या नळ्याही मोडते.